बारा बादल्या आणि ताराबाईचं टमाटं

रोहिणीला एक लई वाईट खोड होती. काही सांगितलं की ती 'बरं' म्हणायची नाही, तोंड वाकडं करायची नाही, उलट बोलायची नाही. शांतपणे विचारायची, "कशावरून, आत्या?"

आता सांगा! ज्या बाईनं चाळीस वर्षं घर हाकलं, जिचा आवाज वाढला की शेजारच्या रतनबाईची कोंबडी अर्ध्या अंड्यावरून उठायची, त्या छबुबाईला दोन वर्षांमागं आलेली सून विचारणार, कशावरून!

"गाय आज दूध चोरायली."

"कशावरून, आत्या?"

"आभाळ आलंय, पापड वाळू घालू नको."

"कशावरून?"

एकदा तर छबुबाईनं चिडून "तुझं डोकं फिरलंय!" म्हटलं, तर त्यावरही तेच! आणि आवाज असा मऊ, की भांडण धरावं तर कुठून धरावं? शेपूट नसलेलं वासरू दावणीला ओढायचं तसलं काम!

छबुबाईचं घर दिंद्रुडच्या अलीकडं. मुलगा अंगद मांजरसुंब्याला ट्रकचे टायर दुरुस्त करायचा, आठवड्याला घरी यायचा. नवरा बद्रीनाथ घरीच असायचा, पण त्याचं असणं म्हणजे कोपऱ्यातल्या कुदळीसारखं. हाक मारली की उपयोग, न मारली की पायाला ठेच. आणि सून रोहिणी शेतीच्या शाळेत दोन वर्षं शिकलेली. तिथंच तिला ही 'कशावरून'ची बाधा झाली असणार!

घरामागं परस होता. मोरीचं पाणी जायचं तिथं चार हात जागा, आणि त्या चार हातांवर छबुबाईचं राज्य. तिथं तिच्या आईचं टमाटं यायचं. आई ताराबाई, आष्टीकडची. लेक सासरी निघाली तेव्हा तिनं दुसरं काही देता येईना म्हणून पदराच्या टोकाला मूठभर बी बांधून दिलं होतं. बोराएवढं लाल टमाटं. भाजीत दोन टाकली की चिंच नको. दर साली छबुबाई सगळ्यात चांगली फळं निवडायची, बी राखेत चोळायची, वाळवायची आणि पुरचुंडी करून चुलीवरच्या आढ्याला टांगायची. अर्ध्या गावातल्या बायका तिच्याकडून बी न्यायच्या. ती द्यायचीही, पण आधी अर्धा तास ऐकवून!

तर दसऱ्याच्या आसपास रोहिणीनं पिशवीतून तीन पाकिटं काढली.

"आत्या, हे द्राक्षासारखे टमाटे आहेत. तीन जातींचे. आपल्या परसात लावायचे का?"

छबुबाईनं पाकिटं उलटीपालटी करून पाहिली. पहिल्यावर लांबडी लाल फळं, दुसऱ्यावर पिवळी, तिसऱ्यावर काळपट तपकिरी.

"ह्याला कावीळ झालीया," पिवळ्यावर बोट ठेवत ती म्हणाली. "अन् हे तर मुंजाजी धनगराच्या मेंढीनं टाकलेलं दिसतंय. लेंडी! अन् हे लांबडं, वरून चकचकीत अन् आत पोकळ. आपल्या माजी सरपंचावानी! ताराबाईच्या टमाट्यापुढं हे तिन्ही पाणी भरतील."

"कशावरून, आत्या?"

झालं! छबुबाईच्या टाळूला झिणझिण्या आल्या. ती उठली, अंगणात तुळशीपुढं जाऊन उभी राहिली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली, "लावू! तुझी तीन अन् माझं एक. संक्रांतीनंतर पंच बसवू. माझं टमाटं हरलं, तर आढ्याची पुरचुंडी मी सोताच्या हातानं चुलीत टाकीन अन् परस तुझा! जितलं, तर ह्या घरात पुन्हा 'कशावरून' म्हणायचं न्हाई!"

बोलून झाल्यावर तिला आढ्याची पुरचुंडी आठवली. पण तुळशीपुढं बोललेलं माघारी घेता येत नाही. शिवाय भिंतीपलीकडं रतनबाईनं भांडी घासायची थांबवली होती. म्हणजे खबर गावात पोहोचलीच!

अंगदनं मांजरसुंब्याहून रंगाच्या बारा रिकाम्या बादल्या आणल्या. एका जातीला तीन. रोहिणी सळई तापवून बादल्यांच्या तळाला भोकं पाडायला बसली, ती तास झाला तरी उठेना.

"अगं, भोकं पाडायलीस का नक्षी काढायलीस?"

"पाणी नीट निघालं पाहिजे, आत्या."

मग रोहिणीनं बादल्यांवर कागद चिकटवायला घेतले. छबुबाईनं हात धरला. "कागद न्हाई चालायचा! तू काय लिवतीस ते मला कळंल व्हय? माझा बाप मेंढरं राखायचा. दोनशे मेंढरांत आपलं मेंढरू वळखायला त्येला कागद लागत नव्हता. मानेवर रंगाचा पट्टा मारला की झालं!"

तसे पट्टे मारले. ताराबाईच्या टमाट्याला गेरूचा, लांबड्याला चुन्याचा, काविळीला हळदीचा, लेंडीला चुलीच्या काजळीचा.

"आणि पट्टे गेले तर?" रोहिणीनं विचारलं.

"गेले तर गेले! आईचं टमाटं मी पानाचा वास घेऊन वळखते. डोळं झाकून!"

हे वाक्य बोलली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण छबुबाई आणि न बोललेलं वाक्य यांची कधी गाठच पडली नव्हती.

रोपं वीतभर झाली आणि तुळशीचं लग्न आलं. छबुबाईला नेमकं दिंद्रुडला नात्यात बारशाला जावं लागलं. रोहिणीही बरोबर. जाताना छबुबाईनं बद्रीनाथला बजावलं, "तुळशीला गेरू लावा, वर चुन्याच्या रेघा मारा. एवढंच करा. डोकं चालवू नका!"

दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या. तुळस तर रंगलीच होती; पण तुळशीच्या दोन्ही अंगांना, बुटक्या पुढं आणि उंच मागं अशा ओळीनं, बाराच्या बारा बादल्या नखशिखांत गेरूनं माखून, वर चुन्याच्या तीन तीन रेघा ओढून उभ्या होत्या! बद्रीनाथ कोपरापर्यंत लाल हातांनी मधोमध हसत उभा.

"आवं, हे काय केलं?"

"तुळशीचं लग्न म्हणल्यावर वऱ्हाड नको? नवरी एकटीच उभी ऱ्हावी व्हय?"

"अन् पट्टे? हळद? काजळी?"

"ते लई मळलेलं दिसायलं होतं. खरवडून काढलं आधी."

छबुबाई मटकन खाली बसली. बारा बादल्या, बारा रोपं, आणि सगळी एका आईची लेकरं असावीत अशी सारखी!

रोहिणी वही काखेत धरून शेजारी उभी होती. मऊ आवाजात म्हणाली, "आता कसं ओळखायचं, आत्या?"

"मला इचारतीस?" छबुबाई ताडकन उठली. "वास घिऊन!"

तिनं पहिल्या रोपाचं पान चुरगाळून नाकाला लावलं. टमाट्याचा वास आला. दुसऱ्याचं लावलं. टमाट्याचा वास आला. तिसऱ्याला वाकली तर नाकात चुना गेला आणि अशा सात शिंका आल्या की रतनबाईची कोंबडी पुन्हा उठली. चौथ्यापासून पुढं तिला नुसता गेरूच येऊ लागला. पण सून बघतेय! मग तिनं डोळे मिटले, देव अंगात आल्यासारखी मान हलवली, आणि मागच्या ओळीतल्या सगळ्यात उंच तीन बादल्यांवर धडाधड बोट ठेवलं. "ही, ही अन् ही! ही माझी!"

आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या फाडून तिनं त्या तीन बादल्यांना बांधल्या. रोहिणीनं बादल्या भिंतीकडं सरकवताना एकेक जरा तिरकी केली, खाली वाकून पाहिली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. छबुबाईला वाटलं, सुनेची दातखीळ बसली!

त्या दिवसापासून हिरव्या चिंधीवाल्या तीन बादल्यांचं बाळंतपण सुरू झालं. मुंजाजी धनगर दर साली आपली मेंढरं बद्रीनाथच्या रानात बसवायचा. त्याच्याकडून छबुबाईनं पाटीभर लेंडीखत उचललं. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. तिसऱ्या वेळी मुंजाजीनंच पाटी धरली.

"काकू, एवढं खत मी उसाला बी घालू देत नसतो! रोप जळंल की!"

"तुझी मेंढरं माझ्या रानात चरत्यात, अन् लेंडीला हिशोब लावायलास व्हय रे?"

रोज सकाळी रोहिणी परसाशेजारच्या गोठ्यात शेण काढायला गेली की छबुबाई पदराखाली तांब्या लपवून परसात जायची. त्यात ताक. तीन बादल्यांना ताक, गुळाचं पाणी, तांदळाचं धुवण. आणि बाकीच्या नऊ बादल्यांना? पाणी घालायची पाळी तिचीच होती. ती घालायची. देवाला नैवेद्य दाखवतात तसं! तांब्या दाखवायचा, चार थेंब शिंपडायचे आणि पुढं सरकायचं. मनात थोडं टोचायचं, पण ती स्वतःची समजूत काढायची, 'लांबड्याला दोन दिस पाणी न्हाई मिळालं तर काय मरत न्हाई. आईची आब ऱ्हायला पायजे.'

हिरव्या चिंधीवाली झाडं पत्र्याला जाऊन टेकली. पान एकेक पळसाएवढं! फळं मात्र मोजकी, पण फुगीर. आणि जरा लांबट. छबुबाईनं ती हातात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "औंदा खाणं चांगलं झालंय. अंगद बी तसाच लांबला होता." उरलेल्या नऊ झाडांत तीन पिवळ्या फळांची निघाली, तीन काळपट. आणि तीन झाडं अशी वाळकुडी, की काट्यांना टेकून कशीबशी उभी. त्यांना बोरापेक्षाही बारकी, लाल फळं. ते लांबडं असणार! छबुबाई त्यांच्याकडं बघून रोज हसायची. "सरपंच पार वाळलं की गं, रोहिणे!"

रोहिणी लिहायची.

संक्रांत झाली, टमाटी पिकली, पंच बसले. पंच तीन. माजी सरपंच सुंदरराव, कारण ते न बोलावताही आलेच असते. मुंजाजी, कारण खत त्याचं. आणि रतनबाई, कारण ती भिंतीवरून बघणार होतीच, मग बसून बघू दे. बाकी गल्ली दारात.

सुंदररावांनी घसा खाकरला. "बंधू-भगिनींनो, टमाटा हे फळ का भाजी, हा प्रश्न मी जिल्ह्याला लावून धरलेला..."

"भाऊजी, खावा आधी!" छबुबाई म्हणाली.

रोहिणीनं चार वाट्या मांडल्या. प्रत्येकीत एकेका जातीची फळं, बारीक कापून. पंचांनी चाखली. सुंदररावांनी प्रत्येक फोड डोळे मिटून खाल्ली आणि दर वेळी "हं" म्हणाले. मुंजाजीनं चारी वाट्यांतल्या फोडी एकदम तोंडात टाकल्या.

"काय बे मुंजा, असं कळतंय व्हय?"

"पोटात गेल्यावर वेगळं होतंय, सरपंच."

रतनबाई मात्र चौथ्या वाटीपाशी थबकली. पुन्हा एक फोड घेतली. मग त्यातलीच आणखी एक. तिघांनी डोकी जवळ आणली, कुजबुजले, आणि सुंदररावांनी निकाल दिला, "पंचांचं एकमत! चौथी वाटी. आधी आंबट, मागून गोड. बाकीच्यांना तोड न्हाई!"

छबुबाई हसली. चौथी वाटी म्हणजे आपलीच, आणखी कुणाची? "थांबा!" ती म्हणाली. "असा फुकटचा निकाल मला नको. माझ्या डोळ्याला पट्टी बांधा. मी बी चाखून दावते, कोन्च्या वाटीत काय हाय! म्हंजी कुनाला 'कशावरून' ऱ्हायला नको!"

बद्रीनाथनं तिच्या डोळ्यांना उपरणं बांधलं. पहिली फोड जिभेवर आली. गुळमट, मऊ. "कावीळ!" बरोबर! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दुसरी. "लेंडी!" बरोबर! टाळ्या वाढल्या. छबुबाईनं मान ताठ केली. आता तिसरी, म्हणजे ते वाळकं लांबडं.

तिसरी फोड आली. साल जाड, आत पाणी. रबराची चप्पल ताकात बुडवून चावावी तशी! लांबड्याची हीच लायकी, तिनं मनात म्हटलं. "लांबडं!" ती ओरडली.

टाळी वाजली नाही. कुणीतरी दारात फिदकन हसलं आणि थांबलं.

"आत्या," रोहिणीचा मऊ आवाज आला, "तिसरी वाटी हिरव्या चिंधीच्या बादलीतली आहे."

छबुबाईनं उपरण्याला हात घातला. एवढ्यात चौथी फोड ओठांना लागली. तिनं तोंड उघडलं. आधी जिभेच्या कडा कळवळल्या, डोळे उपरण्याखाली आपोआप मिटले, आणि मग मागून ती गोडी आली. हळूच, उंबऱ्यात थांबून पदर सावरून आत येणाऱ्या बाईसारखी. आईच्या पदराचं टोक! आष्टीकडचं ते अंगण, आणि "वाण सांभाळ गं पोरी" म्हणणारी ताराबाई.

आणि हे त्या वाळकुड्या झाडाचं! ज्याला तिनं दोन महिने पाण्याचा नुसता तांब्या दाखवला होता!

आता काय करावं? 'तिसरंच माझं' म्हणावं तर आपली लाज राहते, चिंधी पण साक्षीला आहे. पण मग चौथं रोहिणीचं ठरतं, आईचं हरतं आणि पुरचुंडी चुलीत जाते. 'चौथं माझं' म्हणावं तर आई वाचते. पण आपण चिंधी भलत्याच बादलीला बांधली, हे गल्लीसमोर उघडं पडतं. छबुबाईनं फोड ना गिळली, ना थुंकली; गालातच धरून ठेवली. बद्रीनाथ घाबरला. "छबे, घशात अडकलं का काय?"

तिनं उपरणं ओढून काढलं.

"चौथं माझं! ताराबाईचं!"

"पण चिंधी?" सुंदरराव म्हणाले.

"चिंधी चुकली!"

"कशावरून, आत्या?"

"माझ्या जिभेवरून!" छबुबाई कडाडली. "ह्या माणसानं वऱ्हाड रंगवलं, अन् मी वास घ्याया गेले तर नाकात चुना गेला! मला काय बी कळलं न्हाई, मी आपलं बोट दावलं! झालं समाधान? आता म्हना, बाई खोटी हाय! पन आईचं टमाटं मी खोटं म्हनू देनार न्हाई!"

मग रोहिणी उठली. "मुंजाजीभाऊ, चौथ्या वाटीची बादली जरा तिरकी करता? खालची भोकं मोजा."

मुंजाजीनं वाळक्या झाडाची बादली कलती केली. "एक, दोन, तीन... चार."

"आता हिरव्या चिंधीची."

"एकच हाय."

"लांबड्याला एक भोक, पिवळ्याला दोन, काळ्याला तीन, आणि आत्यांच्या टमाट्याला चार," रोहिणी म्हणाली. "आमचे सर सांगायचे, खूण दोन ठिकाणी करावी. एक वर, एक जिथं कुणाचा हात पोहोचणार नाही तिथं."

छबुबाईचे डोळे बारीक झाले. "म्हंजी माझ्या बादलीला चार भोकं पाडून पानी पळवलंस?"

"पाणी पळालं म्हणूनच गोडी उतरली, आत्या. तसंही तुम्ही त्यांना कुठं पाणी घालत होतात?"

"कशावरू..." छबुबाईनं जीभ चावली. पण उशीर झाला होता. रोहिणीनं वही उघडली.

"सोमवार. आत्यांनी लांबड्याला एक तांब्या ताक घातलं. मंगळवार, लांबड्याला गुळाचं पाणी. चार भोकांवाल्यांना तांब्या दाखवला. गुरुवार, लांबड्याला ताक, दोन तांबे. आत्या त्याला म्हणाल्या, खा माझ्या सोन्या. चार भोकांवाल्यांना म्हणाल्या, मरा."

गल्ली फुटली! रतनबाईनं पदर तोंडात कोंबला. सुंदरराव खुर्चीवरून घसरले. मुंजाजी बादली सोडून पोट धरून बसला. "काकू, माझी लेंडी लांबड्याला!" बद्रीनाथ कधी नव्हे तो हसला, आणि छबुबाईनं बघताच एकदम खोकू लागला.

"तुला तवाच म्हाईत होतं?" छबुबाईनं विचारलं.

"हो, आत्या."

"अन् कावून बोलली न्हाईस?"

"तुम्ही म्हणालात, डोळे झाकून ओळखते. मोठ्यांच्या मध्ये कशाला बोलू?"

छबुबाईनं तिच्या हातातली वही ओढून घेतली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या चार अक्षरांवर तिचं वाचन चालायचं. पानाच्या वरच्या बाजूला चौथ्या रकान्यात मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. तिनं बोट ठेवलं. "ता... रा... बा... ई." पुढचं तिला लागेना.

"आष्टी," रोहिणी म्हणाली. "वाणाचं नाव लिहावं लागतं. मी ते लिहिलं."

छबुबाई आत गेली. बाहेर सगळ्यांना वाटलं, आता लाटणं घेऊन येणार. बद्रीनाथ तुळशीमागं सरकला. पण ती आली, तेव्हा हातात आढ्यावरची पुरचुंडी होती, काजळीनं काळी झालेली. ती तिनं सुनेच्या ओंजळीत आपटली आणि दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रोहिणे, तू लई आतल्या गाठीची बाई हायेस. ह्या घरात असली मी एकलीच हाय, असं मला चाळीस वर्सं वाटत हुतं. औंदापास्नं बी तू सांभाळायचं. अन् ते ताकाचं पान आधी फाड!"